आगरवाड्यातील कॅनूची झिजलेली टोके: एक प्रकरण अभ्यास

पेडणे तालुक्यातील आगरवाडा-चोपडे परिसरात, शापोरा नदीच्या उत्तर काठावर, दोघे भाऊ पर्यटकांना तिवरांच्या कडेकडेने पक्षी दाखवायला नेण्याचा व्यवसाय करतात. त्यासाठी त्यांनी एकाच साच्यातून काढलेल्या फायबरच्या दोन कॅनू घेतल्या होत्या. दोन्ही सुमारे पाच मीटर लांबीच्या, पॉलिएस्टर रेझिन, मॅट (तुटक काचतंतूंची चटई) आणि रोविंग (काचतंतूंचे जाड विणलेले कापड) वापरून हाताने घडवलेल्या, बाहेरून पांढऱ्या जेलकोटच्या (रेझिनच्या गुळगुळीत बाह्य थराच्या), आणि रिकाम्या असताना दोन माणसांनी सहज उचलाव्यात इतक्या वजनाच्या आहेत. दुसऱ्या हंगामाच्या अखेरीस पहिल्या कॅनूची दोन्ही टोके तळाकडच्या बाजूने झिजून आतले काचतंतू उघडे पडले आणि मागच्या टोकातून पाणी झिरपू लागले, तेव्हा थोरल्या भावाने मला पाहणीसाठी बोलावले. त्याची मागणी सरळ होती: "पुढच्या टोकाला चांगली जाडजूड पट्टी मारून द्या, म्हणजे दर वर्षाची कटकट मिटेल." दुसरी कॅनू तितकीच जुनी असूनही तिची टोके जवळजवळ शाबूत आहेत, हे त्याने जाता जाता सांगितले. पुढचे बहुतेक निर्णय या एका वाक्यावरून झाले.

टोकांना वेगळे संरक्षण देण्याची पद्धत आपल्याकडे नवी नाही. लाकडी होडीच्या पठाणाला (तळाच्या मध्यावरच्या लांब लाकडाला) आणि नाळेच्या (पुढच्या उभ्या टोकाच्या) खालच्या वळणाला लोखंडी पट्टी ठोकलेली असे, आणि रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढणारे लोक होडी वाळूवरून तशीच फरफटत न नेता तिच्याखाली लाकडाचे ओंडे घालून तिला सरकवतात. फायबरच्या होड्या आल्यावर पट्टी गेली, कारण फायबरला खिळा ठोकता येत नाही; आणि होडी हलकी झाल्यामुळे ओंडेही गेले. संरक्षणाच्या दोन्ही सवयी एकदमच सुटल्या, त्यांच्या जागी काही आले नाही.

झीज नेमकी कुठे होती

पहिली कॅनू शेडमध्ये उपडी घालून, गोड्या पाण्याने धुऊन पाहिली. पुढच्या टोकाला, जिथे नाळेचे उभे वळण तळाच्या रेषेला मिळते तिथे, जेलकोटचे लहान लहान टवके उडालेले होते. त्यांच्या कडा तीक्ष्ण होत्या, दिशा ठरावीक नव्हती, आणि बहुतेक ठिकाणी खालचा थर अजून घट्ट होता. हा मार धडकेचा होता. मागच्या टोकाचे चित्र अगदी वेगळे होते. तिथे तळहाताएवढ्या जागेतला जेलकोट पूर्ण गेला होता, त्याखालची मॅट पातळ होऊन पांढऱ्या कुसळांसारखी उभी राहिली होती, आणि सगळे ओरखडे होडीच्या लांबीला समांतर, एकामागे एक पडलेले होते. एक रुपयाच्या नाण्याने आसपास ठोकून पाहिले तेव्हा चांगल्या भागात टणक आवाज येत होता आणि झिजलेल्या भागाच्या कडेला, सुमारे दोन बोटे पुढेपर्यंत, तो बद्द होत होता. म्हणजे थर तिथे सुटू लागले होते, आणि दुरुस्तीचे क्षेत्र डोळ्यांना दिसते त्यापेक्षा मोठे धरावे लागणार होते.

ही झीज तळाच्या मध्यरेषेवर नव्हती. ती स्पष्टपणे उजवीकडे सरकलेली होती. कारण धाकट्या भावाला होडी न्यायला सांगितल्यावर उलगडले. तो पहाटे एकट्यानेच पहिली कॅनू शेडमधून बाहेर काढतो. पुढच्या भागाची डावी कड धरून तो नाळ उचलतो आणि मिठागराच्या बांधावरून होडी नदीपर्यंत ओढत नेतो. डावी कड वर आली की होडी उजवीकडे कलते, आणि मागचे टोक मध्यावर न घासता उजव्या गालावर घासते. मध्यरेषेवर नेमकी बसवलेली तयार पट्टी इथे निम्मी वाया गेली असती.

याच जागी मागच्या पावसाळ्यात एका कारखान्यात मॅटचे ठिगळ लावून घेतलेले होते आणि ते हंगामाच्या मध्यावर खपलीसारखे निघून आले होते. भावांनी ते जपून ठेवले होते हे बरे झाले, कारण त्याची आतली बाजू आरशासारखी गुळगुळीत होती. ठिगळ लावण्यापूर्वी जुना पृष्ठभाग घासलाच नव्हता याला यापेक्षा वेगळा पुरावा लागत नाही.

कशामुळे

झिजेचा ढोबळ नियम असा, की ती पृष्ठभागावर पडणारा भार आणि घसटलेले अंतर यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाढते आणि झिजणाऱ्या पदार्थाच्या कठीणपणाच्या प्रमाणात कमी होते. होडी पाण्यात असताना तिचे वजन पाणी पेलते. दगडाचा ओझरता स्पर्श झाला तरी भार थोडा आणि अंतर काही इंचांचे असते. उलट, नाळ उचलून होडी ओढली की तिचे जवळजवळ निम्मे वजन मागच्या टोकाच्या दोनचार बोटे जागेवर येते आणि घसटलेले अंतर शेडपासून पाण्यापर्यंतचे असते. त्यात वल्ही, पाण्याचा डबा आणि दुर्बिणींची पिशवी सोयीसाठी मागेच ठेवलेली असे, म्हणजे भार आणखी वाढलेला. दुसरी कॅनू बांधाच्या आडोशाला पाण्यातच बांधून ठेवलेली असते. ओहोटीला ती चिखलावर बसते, पण मऊ चिखल काही घासत नाही. तिच्या पाणरेषेखाली बार्नाकल (होडीला चिकटणारे कवचधारी जीव) चढलेले होते आणि ती त्यामुळे जड चालते, हा भाग वेगळा.

घासणारा पदार्थही पाहायला हवा. बांध जांभ्या चिऱ्यांचा आहे आणि त्यावर नदीच्या वाळूचे कण पसरलेले असतात. वाळूतले क्वार्ट्झ कठीणपणाच्या 1 ते 10 च्या मोहस मोजपट्टीवर 7 च्या आसपास येते, तर काच साडेपाच ते सहाच्या दरम्यान, आणि रेझिन त्याहून कितीतरी मऊ. जेलकोट साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो. तो गेला की खाली मॅट, जिच्यात काचेपेक्षा रेझिनचेच प्रमाण जास्त असते. त्यामुळे पहिला अर्धा मिलिमीटर जायला हंगाम लागतो आणि पुढचा एक मिलिमीटर डोळ्यांदेखत जातो. पुढच्या टोकावरचे टवके मात्र कालवांचे होते. बांधाच्या पायथ्याशी ओहोटीला उघड्या पडणाऱ्या दगडांवर कालवे चिकटलेली असतात. त्यांचे कवच कठीणपणात क्वार्ट्झच्या जवळपासही नाही, पण धार इतकी की जेलकोट सहज कापला जातो.

आणखी एक कारण उतरण्याच्या पद्धतीत होते. पाहुण्यांना चिखलात पाय घालायचा नसतो, म्हणून नाळ बांधाच्या उतारावर चढवायची आणि पाहुण्यांनी थेट दगडावर उतरायचे, असा रिवाज पडला होता. हे चालू असताना मागे बसलेला भाऊ जागचा हलत नाही. पुढचे दोघे उतरल्यावर सगळे वजन मागे येते, मागचे टोक खाली दबते, आणि पाणी कमी असेल तर ते पायथ्याच्या दगडांवर टेकून लाटांबरोबर घासत राहते. थोरल्या भावाला नाळ दगडावर आपटल्याचा आवाज ऐकू येत होता, म्हणून त्याला पुढच्या टोकाची काळजी. मागचे टोक आवाज न करता झिजत होते.

पट्टी कशाची

थोरल्या भावाने अरामिड तंतूंच्या नमद्याचा (तंतू दाबून केलेल्या जाड कापडाचा) परदेशी संच इंटरनेटवर पाहून ठेवला होता. डुपाँ कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांनी 1965 साली शोधलेला केव्हलार याच कुळातला. या तंतूंना ताण आणि मार सोसण्याची ताकद असामान्य असते, आणि खडकाळ नद्यांवर कॅनू चालवणारे लोक हा नमदा टोकांना चिकटवत आले आहेत. पण नमदा जाड असतो, रेझिन भरपूर पितो, आणि वाळल्यावर टोकाला काही मिलिमीटर उंचीचा उंचवटा तयार होतो. पुढच्या टोकाला हा उंचवटा पाणरेषेच्या आतबाहेर येतो आणि चालताना खळखळ करतो. पक्षी दाखवायला निघालेल्या होडीने आधी आपणच हाकाटी करत जावे, हे मला काही पटेना. शिवाय अरामिड घासले की कापले न जाता त्याचे केस निघतात, त्यामुळे कडा उतरत्या करणे आणि पुढे कधी दुरुस्त करणे दोन्ही त्रासाचे. सतत मोठे दगड असतील तिथे हा पर्याय योग्य आहे. भरतीच्या नदीवर, दिवसातून दोनदा त्याच बांधावर उतरणाऱ्या होडीला नाही.

स्टीलची पट्टी स्क्रूने बसवण्याचा पर्याय धाकट्याने सुचवला. तो लगेच बाजूला ठेवला, कारण पातळ फायबरमध्ये पाडलेले प्रत्येक भोक ही पाण्याची नवी वाट असते, आणि होडी लवचिक, पट्टी ताठ, असे झाले की भोके सैल होतात. जुन्या टायरचा तुकडा धडकेला चांगला, पण ओढताना तो ब्रेकसारखा अडतो.

निवड झाली ती साध्या काचेच्या विणलेल्या कापडाचे तीन थर इपॉक्सीत (हार्डनर मिसळल्यावर घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये) बसवण्याची आणि वरून ग्राफाइटची भुकटी मिसळलेल्या इपॉक्सीचा थर देण्याची. प्रति चौरस मीटर 200 ग्रॅम वजनाच्या कापडाचे तीन थर मिळून पाऊण मिलिमीटरच्या आसपास जाडी होते. तिची कड हाताला लागत नाही इतकी उतरवता येते. ग्राफाइटमुळे पृष्ठभाग निसरडा होतो आणि सूर्यप्रकाशातील अतिनील किरणे इपॉक्सीपर्यंत पोहोचत नाहीत. उघडे इपॉक्सी त्या किरणांनी पिवळे पडून ठिसूळ होते. मॅट मुद्दाम टाळली. मॅटमधले तुटक तंतू ज्या बंधकाने एकत्र धरलेले असतात तो पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनने विरघळतो. इपॉक्सीत स्टायरीन नसते, त्यामुळे नेहमीची मॅट त्यात नीट मऊ होत नाही आणि वळणावर बसत नाही. पॉलिएस्टरच्या होडीवर पॉलिएस्टरच का नको, हा प्रश्न रास्त होता. उत्तर एवढेच, की जुन्या, वाळलेल्या पॉलिएस्टरवर नव्या पॉलिएस्टरपेक्षा इपॉक्सी अधिक घट्ट धरते. उलट क्रम मात्र चालत नाही: इपॉक्सीवर नंतर जेलकोट नीट धरत नाही, म्हणून त्या जागेला पुढे कधी रंग द्यायचा झाला तर तो पॉलियुरेथेनचाच द्यावा लागतो.

प्रत्यक्ष काम

सर्वांत जास्त वेळ वाळवण्यात गेला. झिजलेल्या मॅटचे तंतू वातीसारखे पाणी आत ओढून घेतात, आणि ते पाणी खारे असल्यामुळे नुसते उन्हात ठेवून भागत नाही. मागे उरलेले मीठ हवेतला दमटपणा पुन्हा शोषून घेते. म्हणून आधी सुटलेले थर ग्राइंडरने काढून टाकले, उघडा भाग पुन्हा पुन्हा गोड्या पाण्याने धुतला आणि मग होडी उन्हात ठेवली. वाळली की नाही हे पाहण्यासाठी त्या जागेवर पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी टेप लावून चिकटवला. पहिल्या वेळी दुपारपर्यंत प्लॅस्टिकच्या आत दव जमले. ते जमायचे थांबेपर्यंत कामाला हात लावला नाही. मे महिन्यात हे शक्य झाले. जून लागल्यावर पेडण्यात ही चाचणी पास होणे अवघड.

खड्ड्याच्या कडा 80 नंबरच्या सँडपेपरने जाडीच्या सुमारे बारापट रुंदीपर्यंत उतरत्या केल्या, आसपासच्या जेलकोटची चकाकी पूर्ण घालवली आणि ऍसिटोनने पुसून घेतले. कापड विणीला 45 अंशांत तिरके कापले, कारण सरळ कापलेले कापड दुहेरी वळणावर चुण्या धरते आणि तिरके कापलेले अंगाला लागते. आकार पाण्याच्या थेंबासारखा, निमुळते टोक होडीच्या मध्याकडे. मागच्या टोकाला हा थेंब मध्यरेषेपासून उजवीकडे तीन बोटे जास्त रुंद ठेवला. सर्वांत लहान तुकडा आधी, मोठा शेवटी, म्हणजे आतल्या थरांच्या कडा वरच्या कापडाखाली झाकल्या जातात.

मदतीला आलेला मेस्त (होड्यांचा कारागीर) आयुष्यभर पॉलिएस्टरवर काम केलेला. पॉलिएस्टरमध्ये हार्डनर (रेझिन घट्ट करणारे द्रव्य) एक-दोन टक्के असतो, आणि थंडी असली की चार थेंब जास्त, ऊन असले की कमी, असे अंदाजाने चालते. इपॉक्सीचा डबा हातात आल्यावर त्याने तसेच थोडे जास्त हार्डनर ओतायला घेतले. इपॉक्सीत हार्डनर हा वेग वाढवणारा मसाला नसून मिश्रणाचा मूळ घटकच आहे. प्रमाण चुकले, जास्त किंवा कमी, तर थर कायमचा चिकट किंवा मऊ राहतो. म्हणून उत्पादकाने डब्यावर दिलेले प्रमाण सोनाराच्या लहान इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजनाने मोजले. "मग घाई असली तर काय करायचे?" असे त्याने विचारले. घाई असली तर वेगळ्या जातीचा जलद हार्डनर आणायचा, प्रमाण बदलायचे नाही. आपल्याकडे मे महिन्यात अडचण उलटीच असते: खोल वाटीत कालवलेले मिश्रण स्वतःच्या उष्णतेने काही मिनिटांत उकळल्यासारखे तापते आणि धुमसते. कालवले की लगेच पसरट ताटात ओतून घेतले, तर उष्णता निघून जाते आणि काम करायला पुरेसा वेळ मिळतो. हातमोजे सगळ्यांनी घातले. इपॉक्सीच्या हार्डनरची ऍलर्जी एकदा जडली की जात नाही.

थर लावण्यासाठी दुपार कलल्यानंतरची वेळ धरली. सकाळी लावले तर ऊन चढताना झिजलेल्या थरातली हवा प्रसरण पावून ओल्या रेझिनमध्ये बुडबुडे सोडते. उतरत्या उन्हात तीच हवा आकसते आणि रेझिन आत ओढून घेते. तिसऱ्या थरावर नायलॉनचे पील प्लाय (नंतर सोलून काढायचे कापड) दाबून बसवले. दुसऱ्या दिवशी ते सोलून काढल्यावर खाली एकसारखा खरबरीत पृष्ठभाग मिळाला आणि कापडाच्या कडेचा कंगोरा बसून गेला. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट तवंग येतो. तो पाण्याने आणि भांडी घासायच्या हिरव्या घासणीने धुऊन काढावा लागतो. थेट पेपर मारला तर तो तवंग आणखी आत रगडला जातो.

ग्राफाइटच्या आधी एक पातळ थर लाल रंगद्रव्य मिसळलेल्या इपॉक्सीचा दिला. त्याचे काम संरक्षणाचे नाही. वरचा काळा थर झिजून लाल दिसू लागला की काचेला हात लागण्याआधी काळा थर पुन्हा द्यायचा, एवढी खूण. त्यावर ग्राफाइटचे दोन थर, आकारमानाने सुमारे दहा टक्के भुकटी घालून. ग्राफाइट वीजवाहक असल्यामुळे तो खाऱ्या पाण्यात ऍल्युमिनियमला खातो. म्हणून मागच्या दोरीच्या कडीच्या नटबोल्टपासून थर चार बोटे अलीकडेच थांबवला.

पुढच्या टोकाला दोनच थर दिले आणि क्षेत्र लहान ठेवले. थोरल्याला ते कमी वाटले. झीज जिथे नाही तिथे जाडी वाढवली तर फक्त वजन आणि आवाज वाढतो, हे त्याने मान्य केले, पण चेहऱ्यावरून पूर्ण पटलेले दिसत नव्हते.

हाताळणीतले बदल

पट्टीबरोबरच बांधावरही काम झाले. शेडपासून पाण्यापर्यंतच्या वाटेवर माडाचे ओंडके आडवे टाकून त्यांच्यावर पाण्याच्या जुन्या काळ्या पाइपाचे तुकडे चढवले, म्हणजे होडी जांभ्यावरून न जाता फिरत्या नळ्यांवरून जाते. दोन चाकांची गाडी करून पाहायची धाकट्याची हौस होती. ती मिठागराच्या कडेच्या चिखलात पहिल्याच फेरीत रुतली. उतरण्याच्या जागी पायथ्याच्या दगडांवरची कालवे कोयत्याने काढून तिथे एक लांब फळी बसवली, आणि होडी बांधाला समांतर लावून पाहुण्यांनी फळीवर उतरायचे ठरले. नाळ उतारावर चढवायची नाही, आणि पाहुणे उतरेपर्यंत दोरी धरायला मागचा माणूस आधी उतरेल. वल्ही आणि पिशव्या हातात न्यायच्या. थोरल्या भावाने हे नियम पाळले; धाकटा एकटा असला की कधी कधी जुन्याच पद्धतीने होडी ओढतो, हे शेजाऱ्यांकडून कळते आणि पट्टीवरूनही.

एक अडचण आधी लक्षात घ्यावी लागली ती उन्हाची. खोलीच्या तापमानाला वाळलेले साधे इपॉक्सी पन्नास-साठ अंशांच्या पुढे मऊ पडू लागते, आणि काळा पृष्ठभाग एप्रिलच्या उन्हात त्यापुढे सहज जातो. होडी नेहमी उपडी ठेवलेली, म्हणजे तळ वर आणि काळी टोके थेट उन्हात. म्हणून शेडबाहेर ठेवायची वेळ आली तर दोन्ही टोकांवर नारळाचे झाप टाकायचे, असे ठरवले.

पुढच्या हंगामानंतर

हंगाम संपल्यावर पाहिले तेव्हा मागच्या टोकाला उजवीकडे, रुंद ठेवलेल्या भागातच, बोटभर लांबीचा लाल पट्टा उघडा पडला होता. काच शाबूत होती, नाण्याचा आवाज सगळीकडे टणक होता, आत पाणी नव्हते. धाकट्याने ती जागा 80 नंबरने घासून ग्राफाइटचे दोन थर स्वतःच दिले. या वेळी मिश्रण त्याने वजनकाट्यावरच मोजले. पुढच्या टोकावर दोन जुन्याच प्रकारचे टवके होते, दोन्ही पट्टीच्या वर, जेलकोटमध्ये. ते भरून घेतले.

दुसऱ्या कॅनूलाही तशाच काळ्या पट्ट्या हव्यात असा थोरल्याचा आग्रह राहिला, मुख्यतः दोन्ही होड्या सारख्या दिसाव्यात म्हणून. तिची टोके पुन्हा तपासली. जेलकोट पातळ झालेला नव्हता. तिचे बार्नाकल खरवडून तळ साफ केला, आणि जेलकोटमधून खालचा थर दिसू लागेपर्यंत तिला पट्टी लावायची नाही, असे ठरले आहे.